आमची वाटचाल: धरून ठेवण्याचा धंदा

आम्ही काय बनवतो असं कुणी विचारलं की माझी बोटं आपोआप चिमटीत जुळतात आणि मग मलाच सांगावं लागतं की तसं काही नसतं. आमच्या चिमट्याला पातीच नाहीत. एक लेझर, एक उत्तम ऑब्जेक्टिव्ह (सूक्ष्मदर्शकाचं नमुन्याजवळचं भिंग) आणि काचेच्या दोन पट्ट्यांमध्ये पाण्याचा थेंब. किरण जिथे सगळ्यात दाट होतो तिथे मायक्रोमीटरभर आकाराचा मणी ओढला जातो आणि तिथेच थांबतो. किरण सरकवला की मणीही मागोमाग सरकतो. प्रयोगशाळांना असे ऑप्टिकल ट्वीझर्स जुळवून द्यायचे आणि पुढे त्यांची देखभाल करायची, हा आमचा व्यवसाय. आज आम्ही सहा जण आहोत.

सुरुवात दोघांनी केली. भागीदार लेथवरचा माणूस, मी लेझरची अलाइनमेंट करणारा. तेव्हा पोट चालायचं ते सूक्ष्मदर्शकांच्या दुरुस्तीवर: भिंगावर वाळलेलं इमर्शन ऑइल पुसून काढा, ढिली झालेली स्टेज घट्ट करा. एका जीवभौतिकीच्या गटाने सहज विचारलं, ‘यातच लेझर घालून ट्वीझर्स करून द्याल का?’ आम्ही हो म्हणून बसलो आणि मग वाचायला लागलो.

वाचलं ते मुख्यतः आर्थर अ‍ॅश्किन यांचं. अमेरिकेतल्या बेल लॅब्स या प्रयोगशाळेत त्यांनी १९७० साली लेझरच्या दाबाने बारीक मणी ढकलून आणि अडकवून दाखवले होते, आणि १९८६ साली सहकाऱ्यांसोबत एकाच किरणाचा सापळा जमवला. पुढच्या वर्षी त्याच सापळ्यात जिवाणू सापडले. हिरव्या लेझरने ते मरायचे, म्हणून अ‍ॅश्किन १०६४ नॅनोमीटरच्या अवरक्त लेझरकडे वळले. पेशी हा प्रकाश फारसा शोषत नाहीत. आमचाही लेझर तिथेच ठरला. एकच पंचाईत, हा किरण दिसत नाही. पहिले काही महिने मी अवरक्त किरण पडला की चमकणारं कार्ड हातात धरून आंधळ्यासारखा आरसे चाचपडत होतो. चष्म्याशिवाय टेबलाजवळ फिरकायचं नाही हा नियम तेव्हापासूनचा, आणि तो मोडला म्हणून मी भागीदारालाही खोलीबाहेर काढलेलं आहे.

मणी पहिल्याच आठवड्यात पकडला गेला. खरी परीक्षा त्यानंतर होती. गटप्रमुख बाईंनी पडद्यावरचा मणी शांतपणे बघितला आणि विचारलं, ‘किती जोराने धरलाय?’

पकडलेला मणी स्थिर नसतो. पाण्याचे रेणू त्याला सतत धक्के देतात आणि सापळा त्याला परत मध्ये खेचतो. ही थरथर फोटोडायोडने, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या संवेदकाने, नोंदवून वारंवारतेनुसार मांडली की आलेख आधी सपाट जातो आणि एका ठिकाणी वळून खाली उतरतो. त्या वळणावरून सापळ्याचा ताठरपणा, म्हणजे पकड किती घट्ट आहे ते, कळतं. पाण्यातल्या १ मायक्रोमीटर व्यासाच्या मण्यासाठी वळण ८५० हर्ट्झच्या आसपास आलं, तर ताठरपणा साधारण ०.०५ पिकोन्यूटन प्रति नॅनोमीटर. आमच्या आलेखात वळण होतं, पण सपाट भाग सपाट नव्हता. डावीकडे, कमी वारंवारतेला, तो हत्तीच्या सोंडेसारखा वर उचललेला.

तीन आठवडे आम्ही त्या सोंडेमागे होतो. टेबलाचे हवेचे पाय तपासले, लेझर बदलून बघितला, आरशांचे सगळे स्क्रू नव्याने आवळले. एका रात्री मोजणी चालू ठेवून आम्ही जेवायला गेलो. परत येऊन बघतो तर आम्ही नव्हतो त्या तासाभराचा आलेख स्वच्छ! दोष यंत्रात नव्हताच, तो टेबलाला चिकटून उभ्या असलेल्या माझ्यात होता. अंगाच्या उबेने हवा हलायची आणि त्या हवेतून जाणारा किरण किंचित डुलायचा. भागीदाराने दुसऱ्या दिवशी किरणाचा सगळा मार्ग नळ्यांमध्ये बंद केला, वर झाकण बसवलं आणि संगणक शेजारच्या खोलीत नेला. आज आमच्या यंत्राची जी रचना आहे ती त्या जेवणाच्या सुट्टीची देणगी.

पुढची काही वर्षं भराभर सांगतो, कारण ती सारखीच गेली: एक यंत्र, मग दुसरं, उधारी, उशिरा येणारी बिलं. २०१८ साली अ‍ॅश्किन यांना वयाच्या ९६व्या वर्षी नोबेल मिळालं तेव्हा फोन खूप वाजला. नोबेलनंतर चौकश्या वाढतात, ऑर्डरी नाही, हे तेव्हा कळलं.

आता क्वांटम डॉटचं. हा भाग मला सांगायला जड जातो, कारण चूक सर्वस्वी माझी होती.

क्वांटम डॉट म्हणजे अर्धवाहकाचा काही नॅनोमीटरचा स्फटिक. पदार्थ तोच, आकार बदलला की रंग बदलतो. कॅडमियम सेलेनाइडचा २ नॅनोमीटरचा कण निळसर चमकतो, ६ नॅनोमीटरचा लाल. आमच्या एका गिऱ्हाइकाला एकच डॉट ट्वीझर्समध्ये पकडून त्याचा प्रकाश बघायचा होता. मी कागद ओढला आणि त्यांच्यासमोरच हिशेब केला. लहान कणावर ओढ घनफळाच्या प्रमाणात. आमचा मणी १,००० नॅनोमीटर, डॉट ५ नॅनोमीटर. व्यासात २०० पट म्हणजे घनफळात ८० लाख पट फरक. ‘होणार नाही, उगाच पैसे घालवू नका,’ असं मी ऐटीत सांगितलं. ते गेले आणि त्यांनी दुसरीकडून यंत्र घेतलं.

झालेलं होतं ते. कोपनहेगनच्या नील्स बोर इन्स्टिट्यूटमध्ये २००८ सालीच एकेकटे डॉट अवरक्त लेझरने पकडले गेले होते. मी तो निबंध वाचलाच नव्हता. माझा गुणाकार बरोबर होता, पण मी बरंच काही सोडून दिलं होतं. बाटलीतून येणारा डॉट नुसता गाभा नसतो. त्यावर दुसऱ्या अर्धवाहकाचं कवच आणि वर पॉलिमरचा थर असतो. शिवाय अर्धवाहकाचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश वळवण्याची ताकद, आमच्या पॉलिस्टायरीनच्या मण्याच्या १.५७ पेक्षा बराच जास्त. पकड नाजूकच असते, पण असते.

त्याच गटाने २०१० साली दाखवलेली गोष्ट तर अजून गमतीची. पकडणारा लेझरच डॉटला पेटवतो. १०६४ नॅनोमीटरच्या एका फोटॉनची ऊर्जा पुरत नाही, पण दोन एकदम शोषले गेले तर ५३२ नॅनोमीटरच्या एका हिरव्या फोटॉनइतकी ऊर्जा होते आणि डॉट लाल चमकतो. वेगळा दिवा नकोच.

त्यानंतर मी डॉट स्वतः बनवायचा हट्टही करून पाहिला. रसायनशास्त्र शिकलेली आमची सहकारी तापलेल्या द्रावणात एका झटक्यात दुसरं द्रावण टोचायची, आणि दर थोड्या वेळाने काढलेले नमुने पिवळे, केशरी, लाल असे रांगेत उभे राहायचे. इतकं सुंदर काही आमच्या वर्कशॉपमध्ये आधी झालं नव्हतं. पण एका खेपेचा केशरी दुसऱ्या खेपेला जुळेना, आणि कॅडमियमचा कचरा सांभाळणं ही सहा माणसांच्या कंपनीची ताकद नव्हे. वर्षभराने ते बंद केलं. २०२३ साली डॉटवाल्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं तेव्हा तिने मला फक्त एक कपाळावर हात मारणारं चित्र पाठवलं.

डॉट आता आम्ही विकत घेतो आणि यंत्र डॉटसाठी जुळवतो. मुख्य भानगड पुराव्याची असते: पकडलेला एकच आहे की चिकटलेला घोस? यावर डॉटचीच एक खोड उपयोगी पडते. एकटा डॉट लुकलुकतो. त्यावर जादा विद्युतभार अडकला की तो पूर्ण विझतो, भार गेला की पुन्हा पेटतो. घोस सहसा असा एकदम विझत नाही.

ज्यांना मी परत पाठवलं होतं त्यांचंच दुसरं यंत्र गेल्या हिवाळ्यात आम्ही बसवलं. शेजारच्या खोलीत सगळे पडद्यासमोर, लाल ठिपका मधोमध. अचानक पडदा काळा. ‘सुटला का?’ एका विद्यार्थिनीने विचारलं. गटप्रमुखांनी माझ्याकडे पाहिलं. या वेळी मी गप्प बसलो. पाच-सहा सेकंदांनी ठिपका परत पेटला, होता त्याच जागी.