मधलं छान झालं

रविवार, रात्रीचे साडेअकरा

सोप्रानो सॅक्सोफोनची पेटी दारातच पडली आहे. उघडून, आतून कापड फिरवून ठेवायला हवं. उठवत नाही.

कार्यक्रम चांगला झाला. हे आधी लिहून ठेवते, नाहीतर पुढचं वाचून उद्या मलाच वाटायचं की फजिती झाली. पुढच्या पाचसहा रांगा भरल्या होत्या. चर्च नेहमीसारखं गारठलेलं. सँजले सुरळीत गेला. तो इथलाच, ब्रसेल्सचा, आणि चार सॅक्सोफोनसाठीचं १८५७चं ते क्वार्टेट आता आमच्या बोटांना पाठ आहे. ग्लाझुनोव्हच्या क्वार्टेटमध्ये शेवटी शेवटी ओठ सुटत होते, पण सुटले नाहीत.

मग त्या बाई आल्या. अंगात कोट, हातात कार्यक्रमाचा कागद. माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाल्या, सगळ्यात सुंदर फ्रांसेचं झालं, आणि त्यातही ते मधलं, संथ. डोळ्यांत पाणी होतं हो त्यांच्या. मी मेर्सी म्हणाले.

मधल्यात मी नाही.

झाँ फ्रांसेने १९३५ साली ते छोटं क्वार्टेट लिहिलं. तीन भाग. पहिल्यात चेष्टा, तिसऱ्यात चेष्टा, आणि मधे कांतिलेन, म्हणजे गाण्यासारखा संथ भाग, जेमतेम दोनअडीच मिनिटांची. तिच्यात आल्टो, टेनर, बॅरिटोन. सोप्रानोने मांडीवर वाद्य घेऊन बसायचं. बसले. इतकी छान बसले की बाईंना रडू आलं.

ट्रेनमध्ये तासभर हेच. त्यांनी कोणाचा तरी हात धरायचा होता, मी दाराजवळ होते, एवढंच असेल. पण मग आठवतं, त्या पहिल्या रांगेत होत्या. पहिल्या रांगेत! चौघांपैकी एकीच्या तोंडात वाद्य नाही, हे तिथून दिसत नाही? की दिसलं, आणि म्हणूनच सांगितलं?

आणि बसणं म्हणजे आराम, असंही नाही. गारठ्यात सोप्रानो थंड पडला की सूर खाली येतो, आणि पुढचा भाग एकदम धावत सुरू होतो. म्हणून मी आवाज न करता नळीत गरम वाफ सोडत असते. रीड वाळू नये म्हणून मधूनमधून ओठांत धरते. डोळे कुठे ठेवायचे हा तिसरा प्रश्न. आल्टोकडे बघायचं नाही, ते मार्चपासून ठरलेलं आहे. जमिनीकडे बघितलं तर रुसल्यासारखं दिसतं. हे त्या बाईंना कुठल्या फ्रेंचमध्ये सांगणार होते?

घरी येऊन टेनरच्या बायकोने घेतलेलं शूटिंग बघितलं. कांतिलेनचा इशारा आल्टो देतो. तो श्वास घेतो, आणि त्याच क्षणी मीही घेते. खांदे वर, भुवया वर, सगळं. बाकी सगळीकडे इशारा माझाच असतो ना. तिघं सुरू होतात आणि मी तशीच, छाती भरून, तो श्वास कुठे ठेवावा हे न कळल्यासारखी. पाच वेळा बघितलं. पाचव्यांदा हसू आलं.

आईला कशाला पाठवलं कोण जाणे. लगेच फोन. तिकडे पहाट, पण ती उठलेलीच असते. "अगं, तू मधेच का थांबलीस? विसरलीस का?" म्हटलं, आई, तिथे मला काही लिहिलेलंच नाहीये. "मग आत जाऊन बसायचं होतंस. सगळ्यांसमोर सनई मांडीवर घेऊन बसायचं म्हणजे..." सोप्रानो सरळ असतो, तेव्हा तिच्या लेखी ती सनई. बारा वर्षं झाली. घराचं ती काही बोलली नाही, मीही काढलं नाही.

पण "सगळ्यांसमोर बसायचं" म्हणाली आणि सवाईचा मांडव आठवला. बाबांबरोबर भारतीय बैठकीत, पाय आखडलेले, आणि समोर सतारीचा आलाप. मला कंटाळा आला की मी तबलेवाल्याकडे बघायचे. आलाप, मग जोड, आणि हा माणूस हात मांडीवर ठेवून नुसता बसलेला. हळूच मान हलवायचा. मधेच हातांना पावडर. तो काय करतोय, असं कधी मनातही आलं नाही. तो असायचाच. आता प्रश्न पडतो: कार्यक्रम संपल्यावर त्याला कोणी जाऊन सांगायचं का, की तुमचा आलाप फार छान झाला?

तरी त्याच्यापुढे नंतर अख्खी गत असायची. माझ्यापुढे तिसरा भाग, तोही पळापळीचा.

मार्सेल म्यूल आपल्या चौकडीत सोप्रानोच वाजवायचे. १९२८ मध्ये लष्करी बँडमधल्या लोकांना घेऊन त्यांनीच ती उभी केली, म्हणजे आमच्या या सगळ्या खटाटोपाचे मूळपुरुषच. ग्लाझुनोव्हने १९३२ मध्ये, सत्तरीकडे झुकलेला असताना, पॅरिसमध्ये, देश सुटलेला, त्यांच्यासाठी लिहिलं, आणि त्याला काळजी कसली, तर हे वाजवताना बिचारे दमतील याची. फ्रांसे तेविशीतला पोरगा. त्याने थेट पुढाऱ्यालाच गप्प बसवलं. म्यूलसुद्धा असेच बसले असणार, मांडीवर वाद्य घेऊन. त्यांना कोणी येऊन हात धरला असेल?

(मी पुढारी नाही, हे माहीत आहे. डावीकडे बसते इतकंच.)

आत्ता गटावर बॅरिटोनचा निरोप आला. पुढच्या वेळी वन्स मोअर आलाच तर परत कांतिलेन घेऊ या का, लोकांना आवडली. खाली टेनरचा अंगठा. आल्टोचाही. मी दहा मिनिटं फोन उलटा ठेवला.

मग वाटलं, चौघांत ती फक्त मलाच ऐकता येते. आणि तीही आजवर कडेने, बॅरिटोन समोरून कानात, आल्टो शेजारून. त्या बाई बसल्या होत्या तिथून कधीच नाही.

अंगठा टाकला. खाली लिहिलं, तेवढ्यापुरती मी पहिल्या रांगेत जाऊन बसले तर चालेल का?

बॅरिटोनने हसरा चेहरा पाठवला आहे. त्याला वाटलं, गंमत.