मंग पानी कुठी टाकाचं याच्यात?

कॉम्प्युटरच्या ग्राफिक्स कार्डासाठी कूलर मागवलाय, एवढंच घरी सांगितलं होतं. पार्सल उघडल्यावर आजीने ॲल्युमिनियमच्या पत्र्या आणि तांब्याच्या नळ्या उलटून पालटून पाहिल्या अन् विचारलं, "मंग पानी कुठी टाकाचं याच्यात?"

कार्ड जुनंच, आरएक्स ५८०, २०१७ चं मॉडेल, १८५ वॉट ओढणारं. उघडलं तर मूळ पत्र्यांत कापसाच्या तंतूंचा अक्षरशः नमदा बसलेला. भाव वाढेल म्हणून मे उजाडला तरी आमचा कापूस शेजारच्या खोलीतच आहे, तेव्हा नवल नाही. तो ब्रशने काढला, चिप आणि कूलरच्या मध्ये उष्णता वाहून नेणारी नवी पेस्ट लावली आणि आधी जुन्याच कूलरची चाचणी घेतली. नाहीतर सफाईचं श्रेय नव्याला गेलं असतं.

फरमार्क (कार्डावर पूर्ण ताण टाकणारा प्रोग्राम) २० मिनिटं, पंख्यांचा ऑटो वेग बंद, थर्मामीटर कॅबिनेटच्या तोंडाशी. खोली ३४ अंश, जुना कूलर ७९ वर थांबला. आवाज थ्रेसरसारखा. नवा, त्यावर १२० मिमीचे दोन पंखे झिप टायने बांधून: खोली ३६, कार्ड ६५. म्हणजे खोली आणि कार्डातला फरक ४५ वरून २९ वर. मग दुपारी दोनला खिडकीतला कूलर मुद्दाम बंद केला. खोली ४१, कार्ड ७१. फरक ३०. आपल्याकडे खोलीचं तापमान न लिहिता नुसतं "माझं कार्ड ६५ वर चालतं" म्हणण्याला काडीचा अर्थ नाही.

इथवर मी खूश होतो. तिसऱ्या फेरीत कॅबिनेटमधून टक् असा आवाज आला. व्हीआरएमवर, म्हणजे चिपला वीज पुरवणाऱ्या भागावर, चिकटवलेलं एक चिमुकलं हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा धातूचा तुकडा) तळाशी पडलं होतं. कार्ड आडवं बसतं, चिपची बाजू खाली. सोबत आलेली चिकटपट्टी तापली की सैल होणारच. तिकडे व्हीआरएम १०३ दाखवत होतं. कोअर, म्हणजे मुख्य चिप, थंड पाहून मी तो आकडा बघितलाच नव्हता! नशीब, काही शॉर्ट झालं नाही. मूळ कार्डाचं व्हीआरएम हीटसिंक वेगळं निघत होतं, तेच स्क्रूने परत कसलं. आता ८४.

कॅबिनेटच्या तोंडाला आजीच्या जुन्या लुगड्याचा तुकडा ताणून लावलाय. दोन अंश वाढले, पण कापूस विकेपर्यंत तो काढणार नाही. पुढची फेरी पावसाळ्यात, हवा दमट झाली की खिडकीतला कूलर नावालाच उरतो तेव्हा.