ग्रँड कॅन्यनच्या कड्यावर मंडळी नेताना

कॅन्यनच्या कड्यावर उपासना घ्यायची तर प्रवचन सगळ्यात छोटं ठेवायचं, हे नियोजनाच्या पहिल्याच दिवशी ठरवून टाकावं. समोर दीड किलोमीटरहून खोल दरी, पलीकडचा कडा पंधरा-सोळा किलोमीटरवर. तिथे वीस मिनिटं बोलणाऱ्या पाळकाकडे कुणी बघत नाही, आणि बघावं अशी अपेक्षाही धरू नये. पाच-सहा वचनं, दोन मिनिटं शांतता, एक छोटी प्रार्थना एवढं पुरतं. बाकीची मेहनत वेळ, जागा आणि पाणी यांवर करावी.

आधी कागदपत्रं. पैसे घेऊन गट फिरवणाऱ्याला राष्ट्रीय उद्यानाचं ‘कमर्शियल यूज ऑथरायझेशन’ (व्यावसायिक वापराचा परवाना) लागतं, त्यासोबत दायित्वाचा विमा आणि वाटाड्याचं प्रथमोपचाराचं प्रमाणपत्रही. सार्वजनिक उपासनेसाठी उद्यानानं जागा नेमून दिलेल्या आहेत. तिथे पंचवीसपर्यंतच्या गटाला सहसा वेगळा परवाना लागत नाही, त्याहून मोठ्या गटाला लागतो. ध्वनिवर्धक परवान्याशिवाय चालत नाही. त्यामुळे गट वीसच्या आतच बरा. कड्यावरच्या वाऱ्यात ध्वनिवर्धकाशिवायचा आवाज तेवढ्याच माणसांना ऐकू जातो. भारतातून आलेले आई-वडील किंवा नातेवाईक सोबत असतील तर खर्चात आणखी एक रक्कम धरा: २०२६ पासून अमेरिकेत न राहणाऱ्या, १६ वर्षं आणि त्यावरच्या परदेशी पाहुण्यांना इथे नेहमीच्या शुल्काशिवाय माणशी १०० डॉलर जादा पडतात.

वाचणाऱ्यानं दरीकडे पाठ करून उभं राहू नये. फोटोत छान दिसतं म्हणून सगळे नेमके तसेच उभे राहतात, आणि गट अर्धवर्तुळ करायला लागला की वाचणारा नकळत एक-एक पाऊल मागे सरकतो. बऱ्याच ठिकाणी कठडा नाही. वाचणाऱ्याला बाजूला, कड्याला समांतर उभं करावं आणि सगळ्यांना काठापासून किमान दोन मीटर आत ठेवावं. डोळे मिटून करायची प्रार्थना बसूनच घ्यावी. साउथ रिमची, म्हणजे दरीच्या दक्षिण कड्याची, उंची सुमारे २,१०० मीटर आहे. पहाटे उपाशीपोटी, डोळे मिटून उभ्या माणसाला घेरी यायला वेळ लागत नाही. गाणंही नेहमीपेक्षा खालच्या पट्टीत उचला, नाहीतर दुसऱ्या कडव्यातच दम लागतो.

सूर्योदयाला साउथ रिमवरचा मॅथर पॉइंट सोयीचा, पण गर्दीचा. पार्किंगपासून जवळ असल्यानं वयस्कर मंडळींसाठी तोच घ्यावा लागतो. जूनमध्ये सूर्य सव्वापाचच्या सुमारास उगवतो, डिसेंबरअखेर साडेसातनंतर. पुनरुत्थानदिनाची (ईस्टरची) पहाटेची उपासना इथे अनेक दशकांपासून होते, पण एप्रिलमध्येही पहाटेचं तापमान शून्याखाली जाऊ शकतं. ‘अ‍ॅरिझोना म्हणजे वाळवंट’ असं धरून सुती कपड्यांत आलेले लोक हुडहुडत शेवटच्या ‘आमेन’ची वाट पाहतात. टोपी, हातमोजे आणि बसायला जाड काहीतरी, हे यादीत सगळ्यात वर लिहा.

साउथ रिमच्या कडेनं जाणाऱ्या हर्मिट रोडवर १ मार्च ते ३० नोव्हेंबर खाजगी गाड्या बंद असतात, उद्यानाची मोफत बस घ्यावी लागते. जाताना ती नऊ ठिकाणी थांबते, परतताना फक्त पिमा, मोहावी आणि पॉवेल या तीन पॉइंटांवर. हे ठाऊक नसलं की अर्धा गट दुसऱ्याच थांब्यावर अडकतो. शांततेसाठी या रस्त्यावरची सर्वोत्तम जागा पिमा पॉइंट. वारा पडलेला असेल तर खालच्या कोलोरॅडो नदीची घरघर इथे कानावर येते. बेचाळिसाव्या स्तोत्रातलं खोल पाण्यांनी एकमेकांना हाक मारण्याचं वचन वाचायचं ते इथेच, आणि नदी ऐकू आल्यावरच.

हर्मिट्स रेस्ट, लुकआउट स्टुडिओ आणि डेझर्ट व्ह्यूचा मनोरा या कड्यावरच्या इमारतींवरल्या स्तोत्रवचनांच्या पाट्यांबद्दल लोक हमखास विचारतात. ‘इव्हँजेलिकल सिस्टरहुड ऑफ मेरी’ या प्रोटेस्टंट भगिनीसंघानं त्या दिल्या होत्या. २००३ मध्ये त्या काढल्या गेल्या आणि वाद झाल्यावर पुन्हा बसवल्या.

आता खडकांच्या वयाबद्दल. गटात नोहाच्या जलप्रलयानं दरी कोरली असं मानणारे असतात, आणि तसं न मानणारेही. वाटाड्यानं आकडे सांगताना आवाज खाली आणू नये. पायाखालचा कैबाब चुनखडक सुमारे २७ कोटी वर्षांचा, त्यात समुद्री स्पंज आणि शिंपल्यांचे जीवाश्म. त्याखाली थोड्या अंतरावर कोकोनिनो वालुकाश्म, म्हणजे वाऱ्यानं रचलेल्या वाळूच्या टेकड्या, त्यांवर चार पायांच्या प्राण्यांच्या पाऊलखुणा. समुद्राच्या थरांमध्ये कोरडं वाळवंट असं दबलेलं आहे. एकाच पुरातून ते कसं साधेल, हा प्रश्न श्रद्धाळू माणसानंही टाळू नये. तळाच्या खडकांना ‘विष्णू’ नाव आहे, वय १८४ कोटी वर्षांपर्यंत. समोरच्या सुळक्यांची नावंही ब्रह्मा, शिव, विष्णू आणि झोरोअ‍ॅस्टर (जरथुष्ट्र). भूवैज्ञानिक क्लॅरेन्स डटन यांनी १८८० च्या दशकात अशी नावं देण्याची प्रथा पाडली. मराठी गटात यावर कुतूहल जागं होतंच, त्याला मोकळं उत्तर द्यावं.

याबाबतीत कड्यावरच्या यावापाई भूविज्ञान संग्रहालयापासून निघणारी ‘ट्रेल ऑफ टाइम’ ही सपाट पायवाट आमच्या मते सगळ्यात मोलाची. तिच्यावर एक मीटर म्हणजे दहा लाख वर्षं. कैबाब खडक २७० मीटरवर, विष्णू खडक पावणेदोन किलोमीटरच्या पुढे. नव्वदाव्या स्तोत्रात देवाच्या दृष्टीनं हजार वर्षं कालच्या दिवसासारखी म्हटली आहेत. या वाटेवर हजार वर्षं म्हणजे एक मिलिमीटर, आणि ख्रिस्तजन्मापासूनचा सगळा काळ दोन मिलिमीटर. वाटेच्या सुरुवातीला हे सांगा, मग सगळ्यांना न बोलता २७० मीटर चालू द्या. ज्यांना वाद घालायचा आहे त्यांच्यासाठी रात्रीच्या जेवणानंतरचा तास राखून ठेवावा. कड्यावर वाद नको, कारण आवाज चढला की माणसं पायांकडे बघणं विसरतात.

दरीत उतरायचं असेल तर साउथ कैबाब वाटेनं सीडर रिज या टप्प्यापर्यंत, एका बाजूनं अडीच किलोमीटर आणि सुमारे ३४० मीटर उतार. त्याहून पुढे मिश्र वयाचा गट नेऊ नये. वाटेवर पाणी अजिबात नाही. माणशी दोन लिटर, आणि सोबत खारवलेले शेंगदाणे किंवा चिवडा हवाच. नुसतं पाणी पीत राहिल्यानं रक्तातलं मीठ उतरून भोवळ येते, आणि ती उन्हाची समजून लोक आणखी पाणी पाजतात. उतरायला एक तास लागला तर चढायला दोन धरा. उन्हाळ्यात दहा ते चार या वेळात उतारावर असूच नये. तळाशी कड्यापेक्षा दहा-अकरा अंश जास्त गरम असतं. जुलै ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत दुपारी विजा होतात, तेव्हा काठावरची उपासना गडगडाट ऐकू येताच थांबवावी.

‘देवाने ही भूमी रिकामी ठेवली’ अशा धर्तीची प्रार्थना करू नये. ही भूमी रिकामी नव्हती. अकरा आदिवासी समाजांचा या दरीशी संबंध आहे, आणि त्यांतल्या होपींच्या श्रद्धेप्रमाणे माणूस इथूनच वर आला. दरीत उतरणाऱ्या ब्राइट एंजल वाटेवरच्या मळ्यातून त्यांतल्याच हवासुपाई लोकांना उद्यानानं हुसकावलं, शेवटचा रहिवासी १९२८ मध्ये गेला. त्या जागेला ‘हवासुपाई गार्डन्स’ हे नाव २०२२ मध्ये मिळालं. पश्चात्तापाची प्रार्थना घ्यायची तर तिला इथे खरा विषय आहे.

परतीच्या दिवशी गट पूर्वेकडून पेज या अ‍ॅरिझोनातल्याच गावाला जाणार असेल तर घड्याळाचं आधीच सांगून ठेवा. अ‍ॅरिझोना उन्हाळी वेळ पाळत नाही, पण वाटेतला नवाहो आदिवासींचा प्रदेश पाळतो. मार्च ते नोव्हेंबर फोनवरचं घड्याळ एक तास पुढे उडी मारतं आणि पेजला पुन्हा मागे येतं, त्यात गाडीची ठरलेली वेळ चुकते. निघण्याची वेळ कागदावर ‘अ‍ॅरिझोना वेळ’ असं लिहून प्रत्येकाच्या हातात द्यावी.