बंधपत्र मोडलं तेव्हा

नोव्हेंबर २०२४. कपाशीची दुसरी वेचणी चालू होती आणि हवालदार समन्स घेऊन थेट वावरात आले. कागदावर 'अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८, कलम ९' असं होतं. खाली लिहिलेला केस नंबर जुना होता. मी मिटली समजून सोडून दिलेली ती केस.

आमचं गाव अमळनेर तालुक्यात. २०१८ साली बांधावरून शेजाऱ्याशी भांडण झालं, रागात मी विळा उगारला आणि तो त्याच्या दंडाला लागला. तीन टाके पडले. धारदार हत्याराने दुखापत केल्याचं, दंड संहितेचं कलम ३२४ लागलं. पाच वर्षं तारखा केल्या आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये गुन्हा शाबीत झाला. या कलमाला तीन वर्षांपर्यंत कैद होती. पण ही माझी पहिलीच केस. परिवीक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) घरी येऊन गेले, पोलीस पाटलांना, भाऊबंदांना भेटले, त्यांचा अहवाल बरा गेला. कोर्टाने दोन वर्षांच्या चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडलं. धरणगावच्या मामांनी सातबारा लावून जामीन घेतला. शेजाऱ्याला पाच हजार रुपये भरपाई द्यायची होती, ती मी आठवड्यात भरली. घरी येऊन आईला म्हणालो, मिटलं.

ऑगस्ट २०२४ मध्ये पाऊस लागून राहिला होता. शेजाऱ्याने मधली चारी बुजवली आणि माझ्या कपाशीत घोट्याएवढं पाणी साचलं. मी जाब विचारायला गेलो. बोलण्यावरून बोलणं वाढलं, मी त्याला ढकललं, तो चिखलात पडला. त्याने पोलिसांत एनसी, म्हणजे अदखलपात्र तक्रार दिली आणि तिची नक्कल जोडून मी बंधपत्र मोडलं असा कोर्टात अर्ज केला.

समन्स घेऊन वकीलसाहेबांकडे गेलो तेव्हा माझं एकच म्हणणं होतं. साहेब, त्या विळ्याच्या भांडणाचे मी पाच हजार भरले. आता त्याच गुन्ह्याला पुन्हा शिक्षा कशी देतील? गावातही दोघा-तिघांनी हेच डोक्यात भरवलं होतं की एका गुन्ह्याला दोनदा शिक्षा होत नाही, घटनेतच लिहिलंय.

"लिहिलंय, कलम २०, पोटकलम २," ते म्हणाले. "पण भाऊ, तुम्हाला पहिली शिक्षा झालीच कधी?"

त्यांनी जुन्या निकालाची नक्कल काढली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. दोषी ठरवलं आहे, मात्र तूर्त शिक्षा न सुनावता बंधपत्रावर सोडण्यात येत आहे. बोलावल्यास हजर राहून शिक्षा घेईन आणि तोवर शांतता राखीन, असं मीच लिहून दिलं होतं. खाली माझी सही होती, मामांची होती. पाच हजार ही शिक्षा नव्हती, ती जखमी माणसाला दिलेली भरपाई होती. घटनेतलं संरक्षण मिळायला त्याच गुन्ह्यासाठी आधी खटला चालून शिक्षाही झालेली असावी लागते. त्यांनी १९५३ चा मकबूल हुसेन खटला सांगितला. सांताक्रूझ विमानतळावर कस्टमने त्याचं सोनं जप्त केलं आणि नंतर त्याच्यावर फौजदारी खटला भरला. ही दुहेरी शिक्षा आहे असं तो म्हणाला. सुप्रीम कोर्टाने मानलं नाही, कारण कस्टम अधिकारी म्हणजे कोर्ट नव्हे. आणि चिखलातली झटापट हा वेगळाच प्रकार, त्याचा हिशेब वेगळा.

मला त्या रात्री झोप आली नाही. पावणेदोन वर्षं मी स्वतःला सुटलेला समजत होतो आणि शिक्षा खुंटीला टांगलेली होती. बंधपत्र मराठीतच होतं. सही करण्याआधी ते मोठ्याने वाचून घेतलं असतं तर त्या दिवशी चारीवर मी एकटा गेलो नसतो, पोलीस पाटलांना घेऊन गेलो असतो. मामांना फोन केला तर ते एवढंच बोलले, "आते तरी गुमान ऱ्हाय, भो."

तारखेला कोर्ट मला कोठडीत पाठवू शकत होतं, पण जामीन मिळाला. वकीलसाहेबांनी 'से', म्हणजे आमचं लेखी म्हणणं दाखल केलं. ढकललं हे नाकारायचं नाही, असं आम्ही आधीच ठरवलं होतं. परिवीक्षा अधिकाऱ्यांचा नवा अहवाल मागवला गेला. पुकारा झाला तेव्हा माझ्या तळहाताला घाम सुटला होता. न्यायाधीशांनी विचारलं, ढकललं का? मी म्हणालो, हो साहेब.

अट पहिल्यांदाच मोडली असेल तर कायद्यात एक वाट आहे. बंधपत्र चालू ठेवून दंड करता येतो, जास्तीत जास्त पन्नास रुपये. १९५८ पासून आकडा तोच आहे. पण मुदतीत भरला नाही तर मूळ गुन्ह्याची शिक्षा सुनावता येते. मला तो पन्नास रुपयांचा दंड झाला.

कोर्टात पैसे भरून घेणाऱ्या नाझरकडे खिशातली नोट दिली, पावती घेतली आणि तिथेच बाकावर बसून ती दोनदा वाचली. मग भूमी अभिलेखमध्ये गेलो आणि बांधाच्या मोजणीचा अर्ज दिला. एनसी शेजाऱ्याने पुढे चालवली नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये बंधपत्राची मुदत संपली, त्या दिवशी मामांकडे जाऊन त्यांच्या पाया पडलो. पावती अजून सातबाऱ्याच्या पिशवीत आहे.