राऊंड झाल्यावर बघू

रात्री 1.40 ला सिझर झालं. मुलगी रडली, मला लांबूनच दाखवली आणि वरच्या मजल्यावर नर्सरीत नेली. वजन 2.9 किलो, सगळं ठणठणीत. मग नर्सरीत कशाला? हे विचारायलाच मला अडीच वाजले. उत्तर मिळालं सकाळी सव्वादहाला.

राग यायचं कारण म्हणजे मी तयारी करून गेले होते. थोरल्याच्या वेळी पहिल्याच दिवशी बाटली लावली होती, मग पठ्ठ्या तीन आठवडे अंगावर प्यायला तयारच होईना. म्हणून या वेळी आठव्या महिन्यातच डॉक्टरबाईंकडून फाइलवर लिहून घेतलं: बाळ लगेच आईजवळ, वरचं दूध विचारल्याशिवाय नाही. बाईंनी आनंदाने लिहिलं. सिझर असलं तरी पहिल्या तासात पाजता येतं, असं त्याच म्हणाल्या होत्या.

रात्रपाळीच्या सिस्टर म्हणाल्या, "ताई, मुलांच्या डॉक्टरांची राऊंड झाल्याशिवाय बाळ खाली येत नाही."

"फाइलवर लिहिलंय बघा."

"ती तुमची फाइल. बाळाची वेगळी."

घ्या! तासाभराच्या पोरीची स्वतःची फाइल, वर 'बेबी ऑफ' आणि पुढे माझं नाव, आत माझं एक वाक्य नाही. तेव्हा पहिली गोष्ट ही करा: बाळाची फाइल तयार झाली की नवऱ्याला तिथे उभं करून तेच वाक्य त्यातही लिहून घ्या.

चार वाजता नवऱ्याच्या हातात चिठ्ठी आली, पावडरचा डबा आणा. त्याने आणलाही, पहाटे चारला कोण वाद घालणार? जिन्यात माझ्या आईने त्याला अडवलं. "बाळ रडतंय, आणि यांना दूध कुठाय अजून," सिस्टर म्हणाल्या. दूध नव्हतंच, चीक होता. कमरेखाली बधिर, सलाइन लावलेलं, त्यात आईने वाटी धरली आणि मी हाताने पिळून काढला. पिवळाजर्द, घट्ट, जेमतेम चमचाभर. पहिल्या दिवशी एका वेळेला तेवढंच पुरतं, हे मला पहिल्या खेपेला कुणी सांगितलं नव्हतं. आई वाटीवर रुमाल टाकून वर गेली, नर्सरीतल्या मावशींनी चमच्याने पाजलं. अशा तीन फेऱ्या झाल्या. वाटीला जिना चढायची परवानगी होती, बाळाला उतरायची नव्हती.

दर तासाला मी विचारत होते. कुणी उद्धट बोललं नाही, कुणी नाहीही म्हटलं नाही. फक्त "राऊंड झाल्यावर बघू."

सव्वादहाला डॉक्टर आले. मुलीकडे मिनिटभर पाहून म्हणाले, "हे बाळ इथे कशाला?"

हे मला मावशींनी सांगितलं, बाळ खाली आणून देताना. पोरीने शोधत शोधत तोंड लावलं आणि मी रडायला लागले ते टाके दुखेपर्यंत.

पुढचे चार दिवस सुरळीत गेले. दिवसपाळीच्या सिस्टरनी कुशीवर झोपून, पाठीला उशी लावून पाजायला शिकवलं. सिझरनंतर बसून पाजायचा हट्ट करू नका. तिसऱ्या दिवशी वजन 2.72 भरलं, तेव्हा सासूबाई घाबरल्या. सुरुवातीला थोडं उतरतंच, डॉक्टरांना दाखवा पण लगेच डब्याकडे धावू नका. आणि हो, डब्याचं सील फोडू नका, बिल जपून ठेवा. आमचा मेडिकलवाल्याने परत घेतला, तोंड वाकडं करून का होईना.

आणखी एक. नर्सरीच्या दाराशी दूध पावडरच्या कंपनीचं पोस्टर होतं. दवाखान्यात अशी जाहिरात लावायला 1992 च्या कायद्याने बंदी आहे. घरी जाताना दिलेल्या अर्जात मी तेही लिहिलं, आणि बाळाच्या फाइलवर आईच्या सहीची एक ओळ छापा, असंही.

दीड महिन्याने लसीला गेले तेव्हा पोस्टर नव्हतं. मावशी भेटल्या. म्हणाल्या, "ताई, तुमच्यामुळे नॉर्मलची बाळं आता लगेच आईपाशी देतात."

"आणि सिझरची?"

"ती राऊंड झाल्यावर."