मागे न येणारी प्लिमथ

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी सकाळी अमळनेरहून आप्पांचा फोन आला. "मिस्तरी, गाडी पुढे जाते, पण मागे येत नाही. रिव्हर्स टाकला की जागेवरच बसते आणि इंजिन बंद पडतं."

गाडी १९५० ची प्लिमथ, कुर्ल्याच्या प्रीमियरमध्ये जुळवलेली. आप्पांच्या वडिलांनी घेतलेली. काल लहान बहिणीला आणायला आप्पा तीच घेऊन धुळ्याला गेले होते. रात्री वाड्यात आले आणि जुन्या पागेत गाडी नाकासमोर आत घातली. आता पुढे हातभर जागा आणि मग भिंत. बाहेर काढायची तर मागेच घ्यायला हवी. उद्या लेकींना घेऊन याच गाडीतून बोरीकाठी सखाराम महाराजांच्या मंदिरात जायचं, हा आक्कांचा शब्द. गावातल्या एका कारागिराने गिअरबॉक्स गेला, उतरवावा लागेल असं सांगून टाकलं होतं, आणि शेजारचा ट्रॅक्टर साखळीसकट दारात येऊन उभा होता.

"ट्रॅक्टर लावू नका, मी निघालो," एवढंच बोललो आणि पोऱ्याला घेऊन स्कूटर काढली.

या गाडीला मुळात तीनच गिअर. ओव्हरड्राइव्ह, म्हणजे वेगात असताना इंजिन हळू फिरवणारा जोड, प्लिमथला कंपनीकडून मिळायला लागला तो १९५२ पासून. आप्पांच्या काकांनी तसा एक बोर्ग-वॉर्नर कंपनीचा जोड अमेरिकेहून आणला. तो बसवायला गिअरबॉक्स बदलला, मागच्या चाकांकडे ताकद नेणारा प्रोपेलर शाफ्ट कापून आखूड केला. आत ग्रहासारखी फिरणारी दातेरी चाकं असतात. मधलं चाक, म्हणजे सन गिअर, एका खिटीने धरून ठेवलं की इंजिनाचे फेरे साधारण तीस टक्क्यांनी कमी होतात आणि गाडीचा वेग तोच राहतो. ती खिटी आत ढकलतो सॉलेनॉइड, म्हणजे विजेच्या चुंबकाने दांडा हलवणारा भाग. गाडी ताशी ४५ किलोमीटरच्या आसपास गेली की गव्हर्नर, म्हणजे वेगावर चालणारा स्विच, त्याला वीज देतो, पाय उचलला की खिटी खाचेत बसते. वेग उतरला की वीज तुटते आणि सॉलेनॉइडच्या आतली स्प्रिंग खिटीला बाहेर ओढते. बाहेर ओढते, हे महत्त्वाचं.

पागेत आत शिरलो तर ऊन नसलं तरी भट्टीच. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला. पोऱ्याला म्हटलं, पुढे ढकल. अर्धा फूट अगदी सहज गेली. मागे ढकल म्हटल्यावर मात्र खट्कन थांबली, भिंतीला टेकल्यासारखी. गिअरबॉक्सचे दाते तुटून अडकले असते तर न्यूट्रलमध्ये एकाच बाजूला असं झालं नसतं. डॅशखालची ओव्हरड्राइव्ह बंद करायची दांडी ओढून पाहिली, अर्ध्यावर अडली. जोर लावला नाही.

मग खात्रीच झाली. खिटी खाचेत बसलेली आहे, गाडी ओव्हरड्राइव्हमध्येच अडकली आहे. आतलं फ्रीव्हील सायकलच्या फ्रीव्हीलसारखंच, एका दिशेला सुटतं आणि दुसऱ्या दिशेला धरतं. सन गिअर धरलेला असताना गाडी मागे गेली की ते धरतं आणि सगळी चाकं एकमेकांत आवळतात. अशा वेळी ट्रॅक्टरने ओढलं असतं तर खिटी तरी तुटली असती, नाहीतर फ्रीव्हीलचे रोलर फुटले असते. दोन्ही भाग इथे मिळत नाहीत.

आधी बॅटरीची वायर काढली. सॉलेनॉइडची वीज चालू-बंद करणारा रिले चिकटून वीज अखंड जात असेल तर तेवढ्यानेच खिटी सुटते. गाडी थोडी पुढे-मागे हलवली, सुटली नाही. म्हणून गाडीखाली शिरलो आणि सॉलेनॉइडचे दोन बोल्ट काढले.

इथे एक खूण असते. सॉलेनॉइडच्या दांड्याच्या टोकाला अर्धी गोळी असते आणि ती खिटीत अडकलेली असते. त्यामुळे सॉलेनॉइड पाव फेरा फिरवल्याशिवाय बाहेर येतच नाही. मी हात लावला आणि तो सरळ हातात आला. मागोमाग तेल कोपरापर्यंत ओघळलं.

मी तसाच पडून राहिलो. दिवाळीत हा सॉलेनॉइड साफ करून मीच बसवला होता. बोल्टची भोकं आधी जुळवली आणि सरळ आत ढकलला, पाव फेरा दिलाच नाही. दांडा खिटीला ढकलू शकत होता, ओढू शकत नव्हता. गावात फिरताना आप्पा डॅशखालची दांडी ओढून, ओव्हरड्राइव्ह बंद ठेवूनच चालवायचे, म्हणून इतके महिने काही कळलं नाही. कालचा धुळ्याचा रस्ता ही पहिलीच वेळ.

पोऱ्याने गाडी किंचित पुढे दाबून धरली, खिटीवरचा ताण गेला आणि मी लांब पकडीने ती ओढली. टक् असा आवाज झाला. "आता मागे ढकल." गाडी मागे सरकली. बाहेरून लेकींचा गलका ऐकू आला.

सॉलेनॉइड पाव फेरा आडवा धरून आत घातला, फिरवला, मग ओढून पाहिला. हलला नाही. तेव्हाच बोल्ट कसले आणि गेलेलं तेल भरलं.

बाहेर येऊन आप्पांना सरळ सांगितलं, "चूक माझी होती. आत काही तुटलेलं नाही, पण ट्रॅक्टर लागला असता तर तुटलं असतं." आप्पा क्षणभर काहीच बोलले नाहीत. मजुरी मी घेतली नाही. आक्का ओट्यावरून अहिराणीत म्हणाल्या, "व्हयनं ना बरं? मग हात धुवा, रस वाढेल शे."

जेवायच्या आधी आप्पांना शेजारी बसवून धुळ्याच्या रस्त्यावर गाडी काढली. काटा चढला, पाय उचलला, इंजिनाचा आवाज एकदम खाली बसला. परत येताना वाड्याच्या गल्लीत थांबलो आणि रिव्हर्स टाकला. क्लच सोडताना माझा श्वास रोखलेला होता. गाडी अलगद मागे गेली, पागेच्या दारापर्यंत. या वेळी तिचं नाक रस्त्याकडे ठेवलं.