मेवणीचं नाव कुठल्या पानावर?

मेवातात, म्हणजे हरियाणा-राजस्थानच्या सीमेवरच्या पट्ट्यात, मेव या मुसलमान समाजातल्या बाईला 'मेवणी' म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आवरेना. पुढे एका मेवणीनेच मला गप्प केलं.

हरियाणातल्या नूह जिल्ह्यात, फिरोजपूर झिरक्याजवळच्या एका गावात जमीन कोणाच्या नावावर आहे याची पाहणी करत होते. शेजारून काळा पहाड गेलेला, खाली मोहरी फुललेली. आमच्या फॉर्मात एक रकाना होता : 'समाजाचे मूळ'. दिल्लीत बसून कोणीतरी घातलेला.

चौपालावर विचारलं आणि तिथे जुंपलीच. एक जण म्हणाला, आम्ही यदुवंशी, आमचा पाल, म्हणजे कुळांचा मोठा गट, छिरकलोत. दुसरा दहंगल, तो कछवाह, म्हणजे थेट रामापर्यंत. एका तरुणाला हे सगळं जुनाट वाटत होतं. मुसलमानाला कसली गोतं, असं त्याचं म्हणणं. १८७८च्या अलवर गॅझेटियरात पाउलेट या इंग्रज अधिकाऱ्याने मेव आणि मीणा ही आदिवासी जमात मुळात एकच असावेत असं लिहिलंय, ते मी बोलले नाही. मला संध्याकाळचं जेवण तिथेच होतं.

बारा पाल आणि बावन्न गोतं मात्र सगळ्यांना मान्य. नमाज रोजची, निकाह काझीकडून, तरी आपल्या गोतात लग्न नाही. चुलत-मामे भावंडांत तर नाहीच, शरियतची आडकाठी नसली तरी.

योगायोगाने त्याच दिवशी गावात जगा आला होता. जगा हिंदू, मेवांच्या वंशावळी पिढ्यान्पिढ्या त्याच्या घराण्याकडे. आमच्या गडहिंग्लजकडे हेळवी येतात तसाच. त्याने पोथी उघडली आणि एका सुरात वाचायला लागला. वरच्या पिढ्यांत सगळे सिंह, मग एक खान, पुन्हा सिंह, पुन्हा खान. बापाचं नाव एका धर्माचं वाटावं आणि मुलाचं दुसऱ्या, असं किती वेळ चाललं होतं. धर्म कुठल्या ओळीत बदलला, ते बोट ठेवून दाखवता येईना. मी पेन खाली ठेवलं.

मी पटवाऱ्याकडून, म्हणजे तिथल्या तलाठ्याकडून, आणलेली कुर्सीनाम्याची, जमीनमालकांच्या सरकारी वंशावळीची, नक्कल शेजारी पसरली. अलीकडच्या पिढ्या बऱ्याचशा जुळल्या. मंडळी खूश. पोथी आणि सरकारी कागद दोन्ही एकच सांगतात : या शिवाराचे मालक आम्ही.

दाराआड बसलेल्या सत्तरीच्या एका आजीने तेव्हा विचारलं, "इसमें मैं किधर हूँ?"

जगा हसला. बेटीचं नाव कोण लिहितो?

कुर्सीनाम्यातही नव्हतं. इंग्रजांनी गुडगावच्या जमीन-महसुलाच्या बंदोबस्तात मेवांचा 'रिवाज', म्हणजे रूढी, लिहून घेतला, त्यात मुलीला बापाच्या जमिनीत वाटा नाही. १९३७च्या शरियत कायद्याने निकाह, तलाक, मेहर घेतलं, शेतजमीन वगळली. शरियतप्रमाणे मुलीला भावाच्या निम्मा वाटा. मघाचा तो तरुण, ज्याला गोतं नको होती, तो इथे चटकन म्हणाला, "जमिनीत आमचा रिवाज चालतो." बहिणीला भात, म्हणजे माहेरचा आहेर, देतोच की आम्ही, तिच्या पोरांच्या लग्नात! मला त्याचा राग आला, आणि खरं सांगायचं तर तो जरा सोयीचा होता.

कारण आजीने लगेच मला विचारलं, तुझ्या बापाची जमीन?

तीन एकर, मी म्हणाले. भावाला हक्कसोडपत्र करून दिलं. तहसीलात अर्ध्या तासाचं काम. आईने साडी घेतली होती.

"बस, तू भी मेवणी हुई," ती म्हणाली आणि बायका खदखदून हसल्या.

जगाने पोथी कापडात बांधली. त्याला धान्य मापून घालायला तीच उठली. 'समाजाचे मूळ' हा रकाना मी कोरा ठेवला. पुढच्या आठवड्यात वरून विचारणा आली, अपूर्ण का?